तीन ओल्या पेट्या

१

बुधवारी सकाळी डॉ. आदिनाथ वाकळे माझ्या दारात आले, तेव्हा मी पाणी भरत होतो. नवव्या दिवशी नळ आला होता. आमच्या कॉलनीत नळ आला असताना दारात साक्षात ब्रह्मदेव उभा राहिला तरी त्याला ओट्यावर बसवून ठेवतात. वाकळेंनाही बसवलं. अर्ध्या तासानं ओल्या हातांनी बाहेर आलो, तर त्यांनी पिशवीतून मिठाचा अर्धा पुडा काढून माझ्यासमोर ठेवला.

“काका, कुणीतरी माझ्या मातीत मीठ कालवतंय,” ते म्हणाले. “पाच महिने चाललंय. आणि शनिवारी आमचा प्रकल्प तपासायला बाहेरची समिती येतेय.”

मी मोतीराम दांडगे. सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली आणि जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी बाटलीत घालून ढवळत बसलो. वाकळे शिकाऊ असताना वर्षभर माझ्या हाताखाली होते. त्या वर्षात त्यांनी काचेच्या तीन नळ्या फोडल्या. आता ते एका संशोधन संस्थेचे प्रमुख आहेत आणि परग्रहावरच्या मातीची तपासणी करणारं यंत्र बनवतात. नळ्या फोडणारी माणसं पुढं मोठी होतात, हा माझा अनुभव आहे.

त्यांची माती म्हणजे शेतातली माती नव्हे. आपल्या डोंगरांचा काळा दगड आणि मंगळावरचा दगड यांचा घाट बराच सारखा आहे म्हणे. म्हणून खुलताबादच्या पुढं एका उघड्या माळावर पत्र्याची शेड घालून त्यांनी सहा पेट्यांमध्ये दळलेला दगड भरून ठेवला होता. तीन पेट्यांना रोज सकाळी एकेक लिटर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ते खालून निथळून जाऊ द्यायचं. उरलेल्या तीन कोरड्या ठेवायच्या. प्रत्येक पेटीत सेन्सर होते. क्लोराइड किती, नायट्रेट किती, हे दर दहा मिनिटांनी नोंदवलं जायचं.

“सेन्सर म्हणजे रडकं मूल,” वाकळे म्हणाले. “ऊन वाढलं, रडलं. वीज गेली, रडलं. माळावर मुरमाचा ट्रक गेला, धूळ उडाली, रडलं. आकड्यांमध्ये हा गोंगाट इतका की खरं काय ते ऐकूच येत नाही. म्हणून आमच्या रामेश्वरनं एक प्रोग्राम लिहिलाय. गोंगाट काढून टाकतो, साफ आकडे ठेवतो. आम्ही त्याला गाळणी म्हणतो.”

“मग चोथ्यात काय सापडलं?”

वाकळेंनी पुडा पुन्हा पिशवीत ठेवला. मग त्यांनी सांगितलं. जानेवारीपासून ओल्या पेट्यांमध्ये क्लोराइड आणि नायट्रेट मधूनच उडी मारत होतं. तेवीस उड्या. गाळणीनं तेवीसच्या तेवीस गोंगाट समजून पुसल्या. ज्ञानेश्वरी नावाची पीएच.डी. करणारी मुलगी एकटी म्हणत राहिली, की ह्या उड्या खऱ्या आहेत, गाळणी खरं ते फेकून देतेय. तिचा सगळा प्रबंधच त्यावर उभा होता. आणि काल तिच्या टेबलाच्या खणात हा पुडा सापडला.

“स्वतःचं म्हणणं खरं करायला तिनं मीठ टाकलं, असं रामेश्वर म्हणतो. मी पत्र टाईप करून ठेवलंय. शनिवारी समितीसमोर द्यायचं. तिची नोंदणी रद्द.”

“पत्र तयार आहे, तर माझ्याकडे कशाला आलात?”

“सही होत नाहीये, काका,” वाकळे म्हणाले.

२

दुपारी संस्थेत गेलो. बीड बायपासच्या पलीकडे, जिथं माझ्या नोकरीच्या काळात नुसती ज्वारी होती, तिथं आता नऊ मजली इमारती आणि त्यांच्या पायाशी टँकर उभे असतात.

रामेश्वर तिशीतला, चुणचुणीत, शहरातच वाढलेला. बोलताना सारखा खुर्चीवर अर्धा फिरायचा.

“देखो काका, सिंपल आहे,” तो म्हणाला. “तेवीसपैकी एकोणीस उड्या तिच्या ड्यूटीच्या दिवशी. और क्या चाहिए?”

“तिची ड्यूटी आठवड्यात किती दिवस?”

“सहा. रविवारी मी जातो.”

“म्हणजे सहा दिवसांचे उपद्रव तिच्या नावावर पडणारच की. मी रोज नळाजवळ झोपलो तर नळ न येण्याचा दोष माझाच म्हणशील तू.”

तो हसला, पण फिरायचा थांबला.

“पाण्याचा कॅन तपासला का?” मी विचारलं.

“पहिला तोच. दर सोमवारी जीप भरलेला कॅन नेते, जुना परत आणते. मार्चमध्ये एका गुरुवारी मी अचानक जाऊन माळावरच्या कॅनचं पाणी आणलं. एकदम शुद्ध. म्हणून तर मिठावर आलो.”

“आणि नायट्रेट? ते पण वाढलंय ना?”

“तो सेन्सर क्लोराइडला फसतो, काका. क्लोराइड वाढलं की उगीच नायट्रेट दाखवतो.”

ही गोष्ट खरी आहे, मला माहीत होती. पण फसण्यालाही माप असतं. मी कोपऱ्यातली एक रिकामी पेटी मागवली, दळलेला दगड भरला, शुद्ध पाणी घातलं आणि तोच मिठाचा पुडा घेऊन चिमूट चिमूट टाकत गेलो. क्लोराइड त्या उड्यांएवढं चढेपर्यंत टाकलं. नायट्रेटचा सेन्सर फसला खरा, पण किती? माळावर नायट्रेट वाढलं होतं त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही.

“हे मीठ नव्हे,” मी म्हणालो.

रामेश्वरनं आकडे दोनदा पाहिले. मग मान खाली घातली.

ज्ञानेश्वरी शेजारच्या खोलीत बसली होती. पिशोरची शेतकऱ्याची पोर, वय सत्तावीस-अठ्ठावीस. डोळे सुजलेले होते, पण माझ्यासमोर रडली नाही. उलट रागावली.

“मीठ कैरीला लावून खायला ठेवलं होतं, काका. मे महिना आहे. ह्या इमारतीत प्रत्येक बाईच्या खणात मीठ निघेल. त्यांनी माझाच उघडला.”

“पत्र मिळालं तर काय करशील?”

“काय करणार? तीन वर्षं गेली. वडिलांनी दोन स्थळं माझ्यासाठी परत पाठवली, लोकांचं बोलणं खाल्लं. त्यांना काय सांगू, तुमची पोरगी मातीत मीठ कालवताना सापडली?” ती थांबली. “मला एवढंच कळतं, की तीन ओल्या पेट्या एकदम उडी मारतात आणि तीन कोरड्या जागच्या हलत नाहीत. ऊन सहाही पेट्यांना लागतं. वीज सहाही पेट्यांची जाते. मग हा गोंगाट कसा?”

तिनं मूळ आकड्यांचा कागद पुढं केला. मी चष्मा लावून तारखा पाहिल्या. उडी कोणत्याही वारी होती, कधी चार दिवसांनी, कधी सहा, कधी सात. वर चढण्याला नियम नव्हता. उतरण्याला मात्र होता. प्रत्येक उडी सोमवारी खाली आली होती.

सोमवारी काय होतं? नवा कॅन येतो.

३

गुरुवारी एसटीनं खुलताबादला गेलो. पुढं रिक्षानं माळापर्यंत. वाटेत निम्मा डोंगर मुरमासाठी खाल्लेला दिसला. शहर वाढतं ते असं, शेजाऱ्याच्या ताटातलं खाऊन.

स्टँडवरच्या हॉटेलात मी आधी वरण-भात मागवला होता. वरणात तुरीची डाळ अख्खीच्या अख्खी तरंगत होती. मालकाला म्हणालो, तर तो उखडला.

“टँकरच्या पाण्यात दोन तास ठेवली तरी फुटंना, मी काय दातानं फोडू?” तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. विहिरी आटत आल्या की तळाचं पाणी जड होतं. त्यात डाळ फुटत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

माळावर शेड होती, तिला लागून राखणदाराचं पत्र्याचं घर. राखणदार कडुबा. पूर्वी मेंढरं वळायचा. चराई राहिली नाही तशी मेंढरं विकली आणि ही नोकरी धरली. घरात त्याची बायको म्हाळसाबाई आणि कडुबाची म्हातारी आई दगडाबाई. म्हातारीच्या तोंडात एक दात नव्हता, पण तोंड बंदही नव्हतं.

“कोन हाय गं?” तिनं आतून विचारलं.

“पान्याचं साहेब हायेत,” म्हाळसाबाई म्हणाली.

“टँकर आनलाय का?”

“नाय आनला.”

“मंग कशाचं पान्याचं साहेब!”

मी कडुबाला विचारलं, शेडची किल्ली कुणाकुणाकडे असते?

“एक ताईकडं, एक रामेश्वर साहेबाकडं. एक ही इथं खुटीला,” तो म्हणाला. “पर साहेब, आपल्याला त्यातलं काय कळत नाय. मी पेट्याला हात लावला असंल तर हात झडंल माझा.”

“बाहेरचं कुणी येतं?”

“हितं कोन येतंय? टँकरवाला फकिरा येतो, त्यो बी आला तर आला. पाच दिस झालं, आला नाय.”

त्याच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही. शेडमध्ये जाऊन मी कॅन पाहिला. झाकण साधं, फिरकीचं. सील नाही, कुलूप नाही. पेला भरून घेतला, खिशातला साबण हातावर चोळला. भरपूर फेस आला. पाणी शुद्धच होतं. रामेश्वरला मार्चमध्ये जे दिसलं तेच मला दिसलं, आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

निघू लागलो तर म्हाळसाबाईनं निघू दिलं नाही. जेवायची वेळ झालेली, माणूस दारातून उपाशी जाणार म्हणजे काय! बाजरीची भाकर, ठेचा आणि वाटीत वरण. सासूला तिनं वरणात भाकर कुस्करून दिली. वरण दाट, मऊ, डाळीचा दाणा शोधून सापडला नसता. मी दोन वाट्या खाल्ल्या. स्टँडवरच्या त्या दगडी वरणानंतर जीव निवला.

रिक्षात बसलो आणि खुलताबादची वेस येईपर्यंत काही सुचलं नाही. वेशीपाशी रिक्षावाल्याला एकदम थांब म्हणालो. तो बिचारा घाबरला.

पाच दिवस टँकर नाही. मग ते वरण कोणत्या पाण्यात शिजलं?

४

पण माझ्या ह्या तर्काला एक भोक होतं, आणि ते लहान नव्हतं. समजा घरातलं कुणी कॅनमधलं चांगलं पाणी उचलतं. त्यानं कॅन रिकामा होईल. त्यात मीठ कसं येईल? चोरीनं वस्तू कमी होते, बिघडत नाही.

संध्याकाळी संस्थेत जाऊन रामेश्वरला विचारलं, “सोमवारी जुना कॅन परत येतो, त्यात किती पाणी उरतं ते मोजतोस का?”

“हो. पन्नास लिटरचा कॅन, आम्ही चाळीसच्या रेघेपर्यंत भरतो. आठवड्याला एकवीस लागतं. एकोणीस उरतं.” त्यानं रजिस्टर दाखवलं. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. वीस आठवडे खाली एकोणीसच.

मी रजिस्टर मिटून ठेवलं.

“रामेश्वर, एकतीस वर्षांत मी असा कॅन पाहिला नाही. उन्हाळ्यात पाणी उडतं, माणूस सांडतो. खरं सांग.”

तो ओशाळला. “मोजताना आकडे वेडेवाकडे यायचे, काका. एकदा नऊ. पुढच्या सोमवारी साडेएकोणतीस. मग साडेएकोणीस. म्हटलं जीपवाला नीट भरत नाही, माप चुकतंय. सरासरी काढली, तर एकोणीसला जरासं वर. म्हणून एकोणीस लिहिलं.”

“म्हणजे रजिस्टरसुद्धा गाळलंस?”

“साफ केलं,” तो म्हणाला. आणि मग, स्वतःलाच ते ऐकू आल्यासारखा, त्यानं टेबलाचा खण उघडला.

मूळ आकडे पेन्सिलीनं एका जुन्या वहीत होते. पोरगा फेकणारा नव्हता, हे त्याचं नशीब. मी ते चहा गार होईपर्यंत पाहत बसलो. बहुतेक सोमवारी साडेएकोणीस. कधी नऊ, पण मग पुढच्याच सोमवारी साडेएकोणतीस. दहा लिटर गेलं, आणि साडेदहा परत आलं. एकदाही कमी परत आलेलं नाही. दर वेळी थोडं जास्तच.

कसला चोर असा? चोराच्या हाताला कधी शीग लागत नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर परत देताना आपण शिगोशीग भरून देतो. सपाट वाटी दिली तर लाज वाटते.

हे पाणी कुणी चोरत नव्हतं. कुणीतरी ते उसनं नेत होतं.

उडी पाणी नेल्याच्या दिवशी नव्हतीच. ती फेडल्यानंतर होती. रामेश्वर तपासायला गेला तेव्हा अजून फेड झाली नव्हती. मी गेलो तेव्हाही नव्हती. म्हणून दोघांनाही पाणी शुद्ध दिसलं, आणि दोघंही शहाणे ठरलो.

मी ज्ञानेश्वरीला फोन लावला आणि कडुबाला फोनवर विचारायला सांगितलं, की टँकर कधी येणार. तिनं विचारून सांगितलं, उद्या सकाळी दहाला.

५

शुक्रवारी मी नऊलाच माळावर जाऊन बसलो. ज्ञानेश्वरी पेट्यांना पाणी घालून आकडे पाहत होती. तिला मी काही बोललो नाही. संशयाचा धनी आधीच एक होता, दुसरा पुराव्याशिवाय करायचा नव्हता.

साडेदहाला फकिराचा टँकर आला. खालच्या वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन धावल्या, नळीवर नळ्या पडल्या, भांडण झालं, मिटलं. फकिरा खाली उतरला. मी विचारलं, “पाणी कोणत्या विहिरीचं?”

“एक कुआँ हाय का आता, काका? जिथं मिळंल तिथलं. आज कागजीपुऱ्याकडचं.”

मी ओंजळभर घेऊन साबण चोळला. फेस नाही, नुसता चिकट गाळ. जीभ लावली. अशा पाण्यात क्लोराइड भरपूर, आणि गोठ्यांच्या, शेणखताच्या जवळची विहीर असली की नायट्रेटही. मी असं पाणी हजार वेळा बाटलीत पाहिलंय.

म्हाळसाबाईनं आधी घरचे दोन हंडे भरले. मग पितळेची कळशी भरली. काठोकाठ, इतकी की उचलताना पायावर सांडली. ती कळशी घरात गेली नाही. खुंटीवरची किल्ली घेऊन ती शेडकडे वळली.

मी दारात आडवा झालो. “म्हाळसाबाई, टाकू नका ते.”

ती दचकली, पण लपवायला काही करेना. “का बरं, साहेब?”

“हे पाणी कॅनमध्ये कशाला?”

“मंगळवारी नेलं व्हतं ना. घरात थेंब नव्हता. आज टँकर आला, टाकाया नको?”

ज्ञानेश्वरी आतून ऐकत होती. तिच्या हातातली वही तशीच राहिली.

“असं नेहमी करता?”

“व्हय. टँकर नाय आला की कळशी नेते, आला की भरून टाकते. ह्या पान्यात डाळ लई झकास फुटती. सासूला दात नायत, टँकरच्या पान्यातली डाळ तिला गिळंना. दोन दिस उपाशी राह्यली म्हातारी जानेवारीत.” तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ज्ञानेश्वरीकडं. “काय झालं? मी कवा कमी टाकलं नाय. शीग लावून टाकते. ताईच्या पेट्या उपाशी ठेवून मी म्हातारीला घालीन व्हय?”

कडुबा मागून आला. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं.

“अगं, नोकरी जाईल ना माझी!”

मी म्हाळसाबाईला सगळं समजावून सांगितलं. तिच्या कळशीत मीठ कसं, पेट्या उड्या कशा मारतात, आणि त्या उड्यांचं पाप ज्ञानेश्वरीच्या माथी कसं आलंय, ज्याचा निवाडा उद्या संस्थेत समितीसमोर होणार आहे. मोठ्या शब्दांत सांगितलं नाही. कळायला वेळ लागला नाही तिला. ती कळशी तशीच खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

“माप घेतलं, पर चव नाय बघितली म्या,” ती म्हणाली.

ज्ञानेश्वरी मला बाजूला घेऊन गेली. “काका, त्यांचं नाव सांगायचं नाही.”

“मग तू वाचत नाहीस.”

“त्यांचं घर जाईल. हे पत्र्याचं का होईना, घर आहे. मी पिशोरला परत जाऊ शकते. ते कुठं जातील?”

मला राग आला. तिच्यावर नाही, कारण तिची ही मोठ्या मनाची गोष्ट खरीच होती. राग आला तो स्वतःवर, कारण माझ्याकडे उत्तर होतं आणि ते सांगायची चोरी झाली होती. उद्या अकरा वाजता समिती बसणार होती.

६

समितीत तिघंजण होते. दोन पुरुष, आणि अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई, बाहेरून आलेल्या. मराठी बोलत होत्या पण जपून. ज्ञानेश्वरी टेबलाच्या टोकाला. वाकळेंच्या फाईलमध्ये ते पत्र.

मी उभा राहून सांगितलं ते एवढंच, की हे मीठ नव्हे, विहिरीचं पाणी आहे. मिठाच्या प्रयोगाचे आकडे ठेवले, रामेश्वरची पेन्सिलची वही ठेवली. रामेश्वरनं स्वतःहून मान्य केलं, की ते आकडे त्यानं पुसले होते. एवढं तरी केलं पोरानं.

“विहिरीचं पाणी कॅनमध्ये कुणी घातलं?” अध्यक्षांनी विचारलं.

मी ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

“ते माहीत असल्याशिवाय,” बाई म्हणाल्या, “हिनंच विहिरीचं पाणी घातलं नाही कशावरून?”

प्रश्न रास्त होता. मी खाली बसलो. वाकळेंनी खिशाला अडकवलेलं पेन काढलं. फाईल उघडली.

दार ढकलून कडुबा आला, आणि त्याच्या मागं म्हाळसाबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी, कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. सकाळच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसली होती. फडकं ओलं झालं होतं, बाकी थेंब सांडला नव्हता.

तिनं कळशी टेबलावर कागदांच्या मधोमध ठेवली.

“काल ह्या साहेबांनी टाकू दिली नाय,” ती म्हणाली. “मंगळवारची उसनी हाय. हे पानी चालत नाय म्हनत्यात, तर सांगा, चालतं ते कुटं भेटतं. पर माझ्यावर ठिवू नका. आन पोरीवर तर नकाच ठिवू. समदं म्या नेलं, म्या टाकलं.”

मग अध्यक्षांनी तिला खुर्ची दिली आणि कागद पुढं ओढला.

“कितीदा नेलं, आठवतं?”

“आठवाया काय? उसनं हाय ते.”

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. तारखा तिला येत नव्हत्या. पण संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, म्हातारीला खोकला झाला त्या बुधवारी, भद्रा मारुतीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, फकिराचा टँकर घाटात बंद पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. किती नेलं, कधी फेडलं. रामेश्वर मोबाईलवर पंचांग उघडून वार जुळवत होता, एक सदस्य ज्ञानेश्वरीच्या मूळ आकड्यांवर बोट ठेवत होता. पहिली जुळली. दुसरी जुळली. दहावीपर्यंत गेल्यावर वाकळेंनी फाईलमधलं पत्र काढलं, चार तुकडे केले आणि खिशात घातले.

“आमच्या हातात इतकी चांगली परीक्षा कधीच आली नव्हती,” अध्यक्ष म्हणाल्या. “खरी घटना कोणती, किती मोठी, कधी, हे सांगणारं माणूस समोर. दूरच्या ग्रहावर हे कुणाला विचारणार? डॉक्टर वाकळे, गाळणीनं ह्यातल्या किती ठेवल्या?”

“एकही नाही,” रामेश्वरनंच उत्तर दिलं.

“आणि ह्या मुलीनं?”

“तेवीसच्या तेवीस.”

वाकळेंनी कडुबाला सांगितलं, की सोमवारपासून जीप दोन कॅन आणेल, एक पेट्यांचा आणि एक तुमच्या घरचा. कडुबानं बायकोकडे पाहिलं आणि मटकन भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, झालं. मी टोपी शोधायला लागलो.

“मंगळवारची सोडून बी तेवीस नाय,” म्हाळसाबाई म्हणाली. “चोवीस.”

सदस्यानं पुन्हा मोजलं. “तेवीसच आहेत, बाई.”

“चोवीस. एकडाव तांब्याच नेला व्हता, कळशी नाय. म्हनून तुमच्या ध्यानात येत नसंल. शिमग्याच्या आदल्या दिशी. दुसऱ्या दिशी टँकर आला तवा फेडला, तांब्याभरच.”

ज्ञानेश्वरीनं मूळ आकड्यांची पानं उलटली. होळीच्या दिवशी खरंच एक चढ होता, बारीकसा, तिन्ही ओल्या पेट्यांमध्ये. आणि त्याच्याभोवती तिच्याच हातानं पेन्सिलीचा गोल होता. गोलाच्या बाजूला तिनं लिहिलं होतं, गोंगाट, काढला.

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “मावशी, तांब्याच का?” तिनं विचारलं. “डाळीला तांब्याभर पाणी कसं पुरलं?”

“डाळीला नव्हतं गं. शेडमधी तुला भोवळ आली व्हती ना त्या दिशी? घरात थेंब नव्हता. ह्याच कॅनातलं तुला पाजलं.”

अध्यक्षांनी ज्ञानेश्वरीसमोर घटनांचा तक्ता सरकवला, तारीख, माप आणि कारण असे तीन रकाने असलेला. ज्ञानेश्वरीनं वरचा तेविसाचा आकडा खोडून चोवीस केला. मग तक्त्याच्या शेवटी एक ओळ वाढवली, तारखेच्या रकान्यात होळी लिहिली, मापाच्या रकान्यात एक तांब्या, आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव.